मिनर्वा हॉइटचे वाळवंट

तंबूत झोपण्याचे माझे वय राहिलेले नाही असे घरातल्या सर्वांचे मत होते, आणि ते काही चुकीचे नव्हते. तरीही मागच्या मार्च महिन्यात लॉस एंजेलिसला भाच्याकडे गेले असताना त्याने, मावशी, दोन रात्री वाळवंटात राहायला येतेस का, असे विचारले आणि मी विचार करायच्या आत होकार देऊन बसले. ज्याला आपण वाळवंट म्हणतो ते माझ्या मनात शाळेच्या भूगोलातले होते. वाळूचे डोंगर, उंटांची रांग, लांबवर दिसणारे खोटे पाणी. प्रत्यक्षात अडीच-तीन तासांच्या मोटारप्रवासानंतर आम्ही जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यानात शिरलो, तेव्हा उंट तर सोडाच, वाळूचा ढीगही कुठे दिसेना. दिसले ते दगड. घरांएवढे, देवळांएवढे, एकमेकांवर कुणी तरी खेळता खेळता रचून ठेवावेत तसे गुळगुळीत, तांबूस-पिवळे दगड. त्यांच्या पायथ्याशी, सपाट माळावर, हात वर करून उभ्या असलेल्या माणसांसारखी विचित्र झाडे.

आमचा मुक्काम जंबो रॉक्स नावाच्या तळावर होता. उंची सुमारे 4,400 फूट. तंबूंसाठी सव्वाशेच्या आसपास जागा आखलेल्या, प्रत्येक ठिकाणी एक लाकडी टेबल आणि चूल पेटवायला लोखंडी कडे. पाणी मात्र नाही. नळ नाही, विहीर नाही, झरा नाही. माणशी रोजचे निदान चार लिटर पाणी स्वतःबरोबर आणावे अशी तिथली सूचना आहे, आणि डोंगर चढायचा असेल तर त्याहून जास्त. सरपणही घरून आणायचे, कारण तिथली वाळकी काटकीसुद्धा उचलायला बंदी. भाचेसुनेने मोटारीतून पाण्याचे कॅन उतरवले तेव्हा मला आपल्याकडचा उन्हाळ्यातला टँकर आठवला, इतकेच सांगते.

संध्याकाळी ऊन उतरले आणि थंडी पडली. रात्री वारा सुटला. तंबूचे कापड फडफडू लागले, आणि पहाटे तर भांड्यातल्या पाण्यावर बर्फाची पापुद्र्यासारखी साय धरली. मला झोप लागेना म्हणून मी बाहेर येऊन टेबलावर बसले. इतके तारे मी लहानपणी आजोळच्या अंगणात पाहिले होते, त्यानंतर नाही. दूर कुठे तरी कोयोटींची कुई चालू होती. त्या रात्री मला त्या बाईची प्रथम खरी ओळख झाली असे म्हणायला हरकत नाही, कारण दुपारीच माहितीकेंद्रात मी तिच्याविषयी वाचले होते. शंभर वर्षांपूर्वी ती ह्याच झाडांमध्ये, तंबूसुद्धा न ठोकता, स्लीपिंग बॅगेत शिरून उघड्यावर झोपत असे. त्या रात्रीनंतर मी तिच्याविषयी मिळेल ते वाचले. आपल्याकडे तिचे नाव फारसे कुणी ऐकलेले नाही. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात मात्र ते सर्वांना ठाऊक आहे.

मिनर्वा लॉकहार्ट हॅमिल्टन हिचा जन्म 1866 सालच्या मार्चमध्ये मिसिसिपी राज्यात, ड्युरँट गावाजवळच्या एका मळ्यावर झाला. यादवी युद्ध संपून वर्षही झाले नव्हते, गुलामगिरी कायद्याने संपली त्याला जेमतेम काही महिने. हॅमिल्टन घराणे प्रतिष्ठित, वडील राजकारणातले. मुलीला त्या काळच्या श्रीमंत घरांत देत तसे शिक्षण मिळाले. रीतभात, संगीत, चारचौघांत कसे वागावे आणि पाहुण्यांचे आदरातिथ्य कसे करावे हे सारे. ह्या शिक्षणाची आपण आज थट्टा करतो. पण पुढे ह्याच शिक्षणाच्या जोरावर तिने मोठमोठ्या अधिकाऱ्यांना आपले म्हणणे ऐकायला लावले, हे लक्षात ठेवले पाहिजे.

डॉक्टर अल्बर्ट शर्मन हॉइट ह्यांच्याशी तिचे लग्न झाले आणि 1890 च्या दशकाच्या अखेरीस ते दांपत्य कॅलिफोर्नियात, साउथ पॅसाडीना येथे येऊन राहिले. डॉक्टरांचा पैशाच्या व्यवहारातही चांगला जम होता. मोठे घर, मोठी बाग, समाजात मान. मिनर्वाबाई (मी त्यांना बाईच म्हणणार, एवढ्या ओळखीनंतर एकेरी हाक मारवत नाही) अनाथ मुलांच्या संस्थेचे काम पाहात, संगीतमंडळाला मदत करीत, आणि बागेत रमत. दक्षिण कॅलिफोर्नियात पाऊस कमी. त्यामुळे बागेसाठी वाळवंटातल्या वनस्पती वापरण्याची तिथे चाल पडू लागली होती, आणि बाईंची त्या वनस्पतींशी पहिली ओळख अशी बागेतूनच झाली. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. पुढे ज्या अपराधाविरुद्ध त्या उभ्या राहिल्या, त्याचे मूळ असलेली हौस त्यांच्या स्वतःच्या अंगणातही होती.

त्यांचा एक मुलगा तान्हेपणीच गेला. 1918 साली पतीही गेले. वय बावन्न. आपल्याकडे अशा वेळी बायका तीर्थयात्रेला जात. मिनर्वाबाई वाळवंटात जाऊ लागल्या. काही दिवस राहायचे, उघड्यावर झोपायचे, रात्रभर वारा ऐकायचा, पहाटे त्या काटेरी झाडांच्या आकृती हळूहळू उजळताना पाहायच्या. दुःखाचे काय झाले हे त्यांनी पसारा मांडून सांगितलेले नाही. त्या जागेने आपल्याला आधार दिला एवढेच त्या मानीत. मी तिथे टेबलावर कुडकुडत बसले असताना मला ते समजल्यासारखे वाटले. माझ्या घरी माणूस जाऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. अंधारात आपल्यापेक्षा फार जुन्या, फार मोठ्या दगडांमध्ये बसले की आपले दुःख कमी होते असे नाही, पण त्याला बसायला जागा मिळते.

आता ह्या झाडांविषयी थोडे सांगायला हवे. जोशुआ ट्री हे झाड म्हणजे एक प्रकारचा युका आहे. त्याचे शास्त्रीय नाव युका ब्रेव्हिफोलिया. फांद्यांच्या टोकांना खंजिरासारख्या पानांचे झुबके. वाढ इतकी सावकाश की वर्षाला काही इंच वाढले तरी पुष्कळ, आणि खोडात वर्षागणिक वलये नसल्यामुळे वय मोजता येत नाही, उंचीवरून अंदाज बांधावा लागतो. त्याचे परागण एक छोटा पतंगच करतो. मादी फुलातले पराग गोळा करून दुसऱ्या फुलात स्वतः नेऊन ठेवते आणि तिथेच अंडी घालते. तिची पिले थोडे बी खातात, बाकीचे झाडाला उरते. झाडावाचून पतंग नाही आणि पतंगावाचून झाड नाही. असे एक झाड तोडले तर ते भरून यायला माणसाचा एक जन्म पुरत नाही.

आणि 1920 नंतर ती झाडे तोडली जाऊ लागली, नव्हे जाळली जाऊ लागली. मोटारी स्वस्त झाल्या, रस्ते झाले, लॉस एंजेलिसची माणसे सुटीच्या दिवशी वाळवंटाकडे लोटली. मागून येणाऱ्या मोटारींना रात्री वाट दिसावी म्हणून जोशुआची झाडे पेटवून दिली जात. कॅक्टस तर गाड्या भरभरून उपटून नेले जात, शहरातल्या बागांत लावायला. पाम स्प्रिंग्जजवळ डेव्हिल्स गार्डन नावाची कॅक्टसांनी गच्च भरलेली जागा होती. थोड्याच वर्षांत ती ओरबाडून उजाड झाली. नेणाऱ्यांतली कित्येक रोपे नव्या जागी मेली असणार, पण ते पाहायला कोण येतो?

इथे मला एक कबुली द्यायची आहे. ह्या महाविद्यालयात असताना आमची सहल सह्याद्रीत गेली होती. कड्याच्या कडेला गवतात मला कंदीलपुष्पाचा वेल दिसला. एवढेसे, कंदिलाच्या आकाराचे फूल. मी काठीने उकरून त्याचा कंद काढला आणि रुमालात गुंडाळून घरी आणला. कुंडीत तो महिनाभरात कुजला. ती वनस्पती किती दुर्मीळ आहे हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. कुणी रागावले नाही, कारण कुणाला कळलेच नाही. मिनर्वाबाईंनी ज्यांच्याविरुद्ध आयुष्याची शेवटची पंचवीस वर्षे घालवली, ती माणसे माझ्यासारखीच होती, ही गोष्ट मला विसरता येत नाही.

बाईंनी काय केले? पहिली गोष्ट अशी की ज्यांनी वाळवंट पाहिलेलेच नाही त्यांच्यापुढे ते नेऊन मांडायचे ठरवले. 1928 साली न्यूयॉर्कच्या पुष्पप्रदर्शनात त्यांनी वाळवंटाचा देखावा उभा केला. त्यासाठी दगड, वाळू, रोपे आणि पेंढा भरलेले प्राणीपक्षी रेल्वेच्या वाघिणींतून खंडाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेले. पुढे बॉस्टन आणि लंडन इथेही प्रदर्शने झाली. लंडनमधला संग्रह त्यांनी क्यू येथील प्रसिद्ध वनस्पतिउद्यानाला देऊन टाकला. वाळवंट वाचवण्यासाठी वाळवंटच उपटून वाघिणीत भरायचे, ह्यात विसंगती आहे खरी. मला ती खटकते. पण जे लोक वाळवंटाला ओसाड, निरुपयोगी, सैतानाची जागा समजत होते त्यांनी त्या देखाव्यापुढे रांगा लावल्या, हेही खरे. दुसरा मार्ग त्या काळी काय होता हे मला सुचत नाही.

ह्याच सुमारास कॅलिफोर्नियाने राज्य-उद्यानांसाठी जागांची पाहणी हाती घेतली. काम होते फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड ह्या नामांकित उद्यानरचनाकारांकडे (न्यूयॉर्कचे सेंट्रल पार्क आखणाऱ्या ओल्मस्टेडांचे हे चिरंजीव). वाळवंटाचा भाग त्यांनी मिनर्वाबाईंवर सोपवला. बाईंनी डेथ व्हॅली, अँझा-बोरेगो आणि जोशुआची वने राखली जावीत असे सुचवले. आज ही तिन्ही क्षेत्रे संरक्षित आहेत. परंतु राज्याच्या हातातले छोटे उद्यान बाईंना पुरेसे वाटेना. त्यांना हवे होते दहा लाख एकरांच्या घरातले, देशाच्या मालकीचे उद्यान, आणि त्यासाठी 1930 साली त्यांनी वाळवंटांच्या रक्षणासाठी एक आंतरराष्ट्रीय संघ स्थापन केला. अध्यक्ष अर्थात त्याच.

मेक्सिकोतही त्या पोचल्या. राष्ट्राध्यक्ष ओर्तिस रुबिओ ह्यांनी त्यांच्या प्रेरणेने तेवाकान गावाजवळ दहा हजार एकरांचे कॅक्टसवन राखून ठेवले आणि त्यांना कॅक्टसांची प्रेषिता अशी पदवी दिली. ती पदवी त्यांच्या नावाला कायमची चिकटली. एका छोट्या, गोल कॅक्टसलाही त्यांचे नाव मिळाले.

खरी लढाई वॉशिंग्टनमध्ये होती. राष्ट्रीय उद्यान खात्यातल्या जाणत्यांना बाईंची मागणी फारशी पटलेली नव्हती. त्यांच्या डोळ्यांपुढे योसेमिटी आणि यलोस्टोन होती. धबधबे, हिमशिखरे, उसळते गरम झरे. काटेरी झुडुपांनी भरलेल्या माळाला राष्ट्रीय उद्यान म्हणायचे कसे? 1933 साली फ्रँकलिन रूझवेल्ट सत्तेवर आले आणि बाईंनी संधी ओळखली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने ह्या भूमीवर राज्य-उद्यान करण्याचे विधेयक मंजूर केले होते. म्हणजे हातात काही तरी पडत होते. बाईंनी गव्हर्नर जेम्स रॉल्फ ह्यांना गाठून ते विधेयक अडवायला लावले! समोर आलेले अर्धे ताट परत करायला केवढे धैर्य लागते. रॉल्फ ह्यांनी वर वॉशिंग्टनसाठी त्यांना ओळखपत्रही दिले. अंतर्गत व्यवहारमंत्री हॅरल्ड इकीझ ह्यांच्यापर्यंत त्या पोचल्या आणि ते त्यांच्या बाजूचे झाले.

जाताना त्या रिकाम्या हाताने गेल्या नव्हत्या. वनस्पती आणि प्राणी ह्यांविषयी जाणकारांकडून अहवाल लिहून घेतले होते, आणि स्टीफन विलर्ड ह्या छायाचित्रकाराने घेतलेल्या वाळवंटाच्या छायाचित्रांचे संच तयार करवले होते. ते रूझवेल्टांकडे गेले. मला वाटते, हजार पानी निवेदनाने झाले नसते ते काम त्या चित्रांनी केले. 1933 च्या ऑक्टोबरात दहा लाखांहून अधिक एकर सरकारी जमीन विक्रीतून आणि वाटपातून बाजूला काढून ठेवण्यात आली.

पण बाजूला काढणे म्हणजे उद्यान नव्हे. 1934 साली रॉजर टोल हे खात्याचे अनुभवी अधिकारी पाहणीला आले. त्यांना जागा विशेष वाटली नाही, आणि झालेच तर पुष्कळ लहान क्षेत्र पुरे असे त्यांचे मत पडले. बाई अडून बसल्या. त्यांचा आग्रह केवळ झाडांसाठी नव्हता. उंचावरचे थंड मोहावी वाळवंट आणि खालचे उष्ण कोलोराडो वाळवंट ही दोन्ही जिथे भेटतात ती पूर्ण भूमी त्यांना हवी होती. पुढे खात्याचे दुसरे वरिष्ठ अधिकारी हॅरल्ड ब्रायंट येऊन गेले. त्यांचा अभिप्राय अनुकूल पडला. मध्ये जमिनीचे त्रांगडे होतेच. एकोणिसाव्या शतकात रेल्वे कंपनीला बुद्धिबळाच्या पटासारखे एकाआड एक चौकोन दिलेले, त्यांत खाणींचे दावे, त्यांत वसाहतवाल्यांचे तुकडे. हे सगळे उलगडण्यात वर्षे गेली. बाईंनी सत्तरी ओलांडायला एक वर्षही राहिले नव्हते, आणि पत्रे चालूच होती.

10 ऑगस्ट 1936 रोजी रूझवेल्टांनी जाहीरनाम्यावर सही केली. 8,25,340 एकर. बाईंनी सुचवलेले नाव होते वाळवंटी वनस्पतींचे राष्ट्रीय उद्यान. मिळाले ते जोशुआ ट्री राष्ट्रीय स्मारक. स्मारक आणि उद्यान ह्यांत तिथे कायद्याचा फरक आहे. स्मारक राष्ट्राध्यक्षाच्या सहीने होते, उद्यानासाठी काँग्रेसची मंजुरी लागते. नाव आपले नसले तरी जमीन आपली आहे, एवढ्यावर बाईंनी समाधान मानले असावे. 1945 च्या डिसेंबरात त्या वारल्या. पाच वर्षांनी, 1950 साली, खाणवाल्यांच्या मागणीवरून काँग्रेसने त्या क्षेत्राचा सुमारे तिसरा हिस्सा कापून काढला. हे पाहायला त्या नव्हत्या हे बरेच झाले. कापलेल्यापैकी बराच भाग 1994 साली परत जोडला गेला आणि त्याच वर्षी 31 ऑक्टोबरला राष्ट्रीय उद्यान हा दर्जाही मिळाला. बाईंच्या मृत्यूनंतर एकोणपन्नास वर्षांनी.

एक गोष्ट मात्र त्या काळातल्या इतर अनेकांप्रमाणे बाईंच्याही चित्रात पुरेशी दिसत नाही. ह्या भूमीला ओसाड म्हणणारे आणि अस्पर्श म्हणणारे, दोघेही चुकत होते. मारा नावाच्या पाणथळीभोवती सेरानो आणि चेमेवेवी लोक पिढ्यान्‌पिढ्या राहिले होते. ताडांच्या सावलीत शेती करीत, जोशुआच्या पानांच्या धाग्यांपासून वहाणा आणि टोपल्या विणीत. गोरे गुरेवाले आणि खाणवाले आल्यावर विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांना ती जागा सोडावी लागली. राखून ठेवायची म्हणून जी भूमी नकाशावर रंगवली ती तोपर्यंत आधीच रिकामी करून झालेली होती. माझ्या मनातला बाईंविषयीचा आदर ह्यामुळे कमी झाला नाही, पण तो भाबडा राहिला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तळावरूनच निघणाऱ्या पायवाटेने कवटीच्या आकाराच्या खडकापर्यंत फिरून आलो. दीड-पावणेदोन मैलांची फेरी, माझ्या गुडघ्यांना झेपणारी. रायन माउंटन मात्र अर्ध्यावर सोडला. हजार फुटांची चढण आहे, सावलीचे नाव नाही. भाचा आणि भाचेसून वर गेले आणि मी एका खडकाच्या आडोशाला पाण्याची बाटली घेऊन बसले. समोरच्या माळावर जोशुआची झाडे फुलावर आली होती. फिकट, मेणचट, कोबीच्या गड्ड्यासारखे तुरे. तिथल्या एका स्वयंसेवक बाईंनी आम्हांला सांगितले की थंडी पुरेशी पडली नाही तर फूल नीट धरत नाही, आणि आता हिवाळे पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. 2020 सालच्या वणव्यात शेजारच्या मोहावी राखीव क्षेत्रात दहा लाखांहून अधिक जोशुआची झाडे जळाली. 2023 साली कॅलिफोर्नियाने ह्या एका झाडासाठी स्वतंत्र कायदा केला. कायद्याने कुऱ्हाड थांबते. ऊन कसे थांबवायचे हे त्या बाईंना विचारले असते, पण त्याही हसून पुढे गेल्या.

उद्यानातल्या एका 5,400 फुटांच्या शिखराला ह्या शतकात मिनर्वा हॉइट असे नाव दिले आहे. भाच्याने नकाशावर बोट ठेवून दाखवले. मी चष्मा शोधेपर्यंत त्याने नकाशा घडी घालून ठेवला होता, कारण वारा सुटला होता आणि तंबू आवरायचा होता. आम्ही खुंट्या उपटल्या, राख विझवली, कचरा पिशवीत भरला. मोटारीत बसण्यापूर्वी मी चपला झटकल्या. तळव्यात चोया कॅक्टसचा एक बारीक काटा रुतून बसला होता. तो काढून मी तिथेच टाकला.